खोसियतच्या एकेचाळीस चिंध्या

ओयदिनला लग्नानंतर नऊ वर्षांनी मूल झालं आणि घरात पाळण्याचं जेवण घातलं गेलं, त्या वर्षाची ही गोष्ट. काराकुदुक गावात ते वर्ष अजून त्या जेवणावरूनच ओळखतात. दोन मेंढरं कापली होती, आणि तरीही पुलाव कमी पडला होता.

खोसियत ही ओयदिनची सासू. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगा एकच, एल्मुरोद. सुनेला दोनदा दिवस राहिले आणि दोनदा वाया गेले. तिसऱ्यांदा राहिले तेव्हा खोसियत कुणाला न सांगता वाळवंटातल्या पिराच्या कबरीपाशी गेली आणि नवस बोलली. मूल जन्मलं आणि रडलं, तर तुझ्या वाटेवरच्या एकेचाळीस झुडपांना एकेचाळीस चिंध्या बांधीन. कबरीची झाडलोट करणारी म्हातारी तेव्हा हयात होती. ती म्हणाली, "नवस फेडलास की तोंड शिवून ठेव. लेकराचे चाळीस दिवस भरेपर्यंत कुणापाशी बोलायचं नाही. बोललीस तर दिलेलं परत मागितलं जातं."

मुलगी झाली. रडली तीही अशी की शेजारच्या अंगणातलं कुत्रं उठून उभं राहिलं. नाव ठेवलं सओदत. पाळण्याचं जेवण उरकल्यावर दुसऱ्याच दिवशी पहाटे, बाळाला धुरी द्यायला पाला आणते असं सांगून खोसियत बाहेर पडली. पाळण्याच्या झालरीतून उरलेलं लाल रेशमी कापड तिनं फाडून घेतलं होतं. पांढऱ्या टेकडीपासून उजवीकडे पिराची वाट जाते. त्या वाटेवरच्या झुडपांना एकेक करत तिनं एकेचाळीस चिंध्या बांधल्या. येताना पालाही आणला.

एल्मुरोदचा धंदा परदेशी लोकांना पळवण्याचा. ही माणसं खिवाला विमानातून उतरत, तिथल्या तटाच्या कडेनं पळत, मग बुखाऱ्याच्या गल्ल्यांतून पळत, मग तीन दिवस काराकुदुकला येऊन वाळूत पळत, आणि शेवटी समरकंदला जाऊन अंघोळ करून घरी जात. गावाबाहेर एल्मुरोदनं पाच तंबू ठोकले होते. स्वयंपाक खोसियतकडे होता. आणि पळण्याच्या वाटेवर आदल्या दिवशी खुणेच्या केशरी फिती बांधण्याचं काम तिच्या थोरल्या भावाकडे, नोरबोयकडे होतं. तो जन्मभर मेंढरांमागे हिंडलेला, एकोणसत्तर वर्षांचा. बाजूला पेटी जोडलेली जुनी तीनचाकी मोटरसायकल घेऊन तो झुडपाझुडपाला थांबत फिती बांधत जाई.

"मागे लांडगा नाही, पुढे लग्नाचं ताट नाही," नोरबोय दर वर्षी म्हणे, "मग ही माणसं पळतात कशाला?"

"मामा, तुम्ही मेंढरांमागे पन्नास वर्षं पळालात, त्याचं काय?" एल्मुरोद म्हणे.

"मी चाललो. पळाली मेंढरं. आणि संध्याकाळी दूध दिलं त्यांनी."

त्या वर्षी अकरा जण आले होते. त्यांत हिल्डा नावाची एक जर्मन बाई होती, बासष्ट वर्षांची, निवृत्त शिक्षिका. ती रोज सगळ्यांच्या शेवटी येई आणि येताना हसत असे. बाकीच्यांच्या मनगटांवर वाट दाखवणारी घड्याळं होती, हिच्या मनगटावर काहीच नव्हतं. फिती आहेत की, असं ती म्हणाल्याचं एल्मुरोदनं सांगितलं होतं. खोसियतला ती आवडली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण पहिल्याच दिवशी हिल्डानं फोनमध्ये आपल्या नातवाचा फोटो दाखवला आणि खोसियतनं बोटांवर मोजून दाखवलं, माझी अठरा दिवसांची. मग हिल्डानं शुर्प्याचा, म्हणजे मटणाच्या रश्श्याचा, दुसरा वाडगा मागून घेतला.

बाळाच्या विसाव्या दिवशी, बुधवारी, शेवटची मोठी धाव होती. तंबूपासून पांढरी टेकडी, तिथून डावीकडे वळून तलावापर्यंत आणि दुसऱ्या अंगानं परत. पहाटे पाचला सगळे सुटले. हिल्डा शेवटी. जाता जाता तिनं खोसियतकडे हात हलवला. खोसियतनं तव्यावरचा हात न काढता मान हलवली.

नऊपर्यंत सहा जण परतले, दहापर्यंत दहा. मे महिन्यात इतकं ऊन गेल्या दहा वर्षांत पडलं नव्हतं. आल्याआल्या माणसं सावलीत आडवी होत होती आणि डोक्यावर पाणी ओतून घेत होती. साडेदहा झाले. हिल्डा आली नाही. एल्मुरोद दुर्बीण घेऊन जीपच्या टपावर चढला आणि तसाच खाली उतरला.

अकरा वाजता नोरबोयनं मोटरसायकलला लाथ मारून इंजिन सुरू केलं. "तू जीपनं फितींच्या वाटेवर जा," तो भाच्याला म्हणाला. "एकूणएक फीत बघत जा. मी तलावाच्या काठानं जातो. काल ती बाई पाण्यात पाय सोडून बसली होती, आजही बसली असेल. यांना पाणी दिसलं की वेळेचं भान राहत नाही."

"मामा, तुम्ही थांबा. ऊन फार आहे."

"हे ऊन मला ओळखतं. तू तुझ्या पाहुण्यांचं बघ."

मग तो खोसियतकडे वळला. ती कढईपाशी कांदा चिरत होती. "खोसियत, सकाळी तिला शेवटचं तू पाहिलंस. कुठे गेली असेल? काही सुचतं का?"

खोसियतला ते त्याच क्षणी सुचलं. त्याआधी एकदाही सुचलं नव्हतं. पांढरी टेकडी, तिथून डावीकडे नोरबोयच्या केशरी फिती आणि उजवीकडे तिच्या लाल चिंध्या. उन्हात, घामानं डोळे चुरचुरत असताना, मान खाली घालून पळणाऱ्या बासष्ट वर्षांच्या बाईला लाल काय आणि केशरी काय. नोरबोयला ते सुचणं शक्य नव्हतं. फिती बांधताना त्यानं त्या चिंध्या पाहिल्याही असतील, पण या मुलखात झुडपाला चिंधी म्हणजे झुडपाला पान. कुण्या बाईचा नवस असेल, म्हणून तो पुढे गेला असेल. गावातला कुणीही तसाच पुढे गेला असता.

तिच्या हातातली सुरी थांबली. विसावा दिवस. निम्मे दिवस अजून बाकी होते. घरात ओयदिन बाळाला पाजत असेल. सकाळी बाळाचं अंग जरा गरम लागलं होतं, उन्हामुळे असेल असं खोसियतनंच सुनेला सांगितलं होतं.

"मला काय ठाऊक," ती म्हणाली.

"ठीक," नोरबोय म्हणाला. "पाण्याची एक बाटली दे."

तिनं दोन दिल्या. त्यानं एक परत केली. "शुर्प्यात मीठ कमी टाक," तो म्हणाला. "काल माझ्या शेजारचा तो लाल दाढीवाला रडकुंडीला आला होता." आणि तो गेला.

जीपही गेली. खोसियत कांदा चिरत राहिली. पाच माणसांना पुरेल इतका कांदा चिरून झाला, मग पंधरा जणांना पुरेल इतका, तरी ती चिरतच होती. ती मनाशी म्हणत होती, एल्मुरोद टेकडीपाशी पोचेल, त्याला पावलांचे ठसे दिसतील, तो उजवीकडे वळेल. माझ्या तोंडून काही न निघता सगळं नीट होईल. मध्येच ती उठून घरी गेली, उभ्याउभ्याच बाळाच्या कपाळाला हात लावला, आणि परत आली. कपाळ थंड होतं.

एक वाजता जीप परत आली. एल्मुरोदचे ओठ पांढरे पडले होते. "सगळी वाट पाहिली," तो म्हणाला. "एकही फीत तुटलेली नाही. टेकडीपाशी नुसता खडक आहे, ठसे उमटत नाहीत. पुढे वाळूत दहा जणांचे ठसे आहेत, का अकरांचे, मला सांगता येत नाही." तो बादलीपाशी बसला आणि तोंडावर पाणी मारू लागला. "आई, अशा उन्हात माणूस किती तास टिकतं?"

तेव्हा ती बोलली. "पिराच्या वाटेवर बघ. तिथे लाल चिंध्या आहेत. त्या मी बांधल्यात."

एल्मुरोद तिच्याकडे पाहत राहिला. "कधी?"

"बाळासाठी. नवस होता."

तोंड न पुसताच तो जीपमध्ये चढला.

पावणेतीनला तो हिल्डाला घेऊन आला. ती कबरीच्या भिंतीच्या सावलीत बूट काढून झोपलेली सापडली होती. पाय मुरगळला होता. चिंध्या संपल्यावर तिला चूक कळली होती, पण शहाणपणा असा की ती तिथून हलली नाही. तिथल्या विहिरीचं खारं पाणी काढून पीत राहिली. जीपमधून उतरताच ती लंगडत खोसियतकडे आली आणि तिच्या गळ्यात पडली. बाकीचे टाळ्या वाजवू लागले. खोसियतचे हात दोन्ही बाजूंना लोंबत राहिले. बाई जिवंत होती. नवसाची गोष्ट तोंडातून निघून गेली होती, तरी बाळाचं कपाळ थंड होतं, बाई जिवंत होती. ती पिठाच्या पोत्यावर बसली.

"मामांना कुणीतरी सांगायला हवं," एल्मुरोद म्हणाला. त्याला आता हसू फुटत होतं. "ते तिकडे तलावावरच्या कोळ्यांच्या झोपडीत मासे खात बसले असतील आणि आम्हाला शिव्या घालत असतील."

"फोन लाव."

"टेकडीपलीकडे फोन कुठे लागतो? येतील."

साडेचार वाजले तरी नोरबोय आला नाही. खोसियत स्वतःच जीपमध्ये जाऊन बसली. एल्मुरोदनं जीप तलावाकडे वळवली.

कोळ्यांनी त्याला पाहिलंच नव्हतं. काठाकाठानं मागे येताना एका कोरड्या ओघळीत मोटरसायकल दिसली, उलटलेली, चाकं वर. काठ ढासळून ती खाली आली होती. नोरबोय तिच्याखाली होता. पेटीचा लोखंडी कठडा त्याच्या मांड्यांवर आडवा पडला होता. पाय मोडले होते की नाही ते नंतर कळलं, मोडले नव्हते. नुसतं वजन होतं, एकट्या माणसाला न उचलणारं. उजव्या हाताशी त्यानं वाळू उकरली होती, कोपरापर्यंत हात जाईल इतकी. पाण्याची बाटली पेटीतून निसटून वीतभर पलीकडे पडली होती. तिचं झाकण उघडलेलं नव्हतं.

एल्मुरोद ओघळीत उतरला आणि हाका मारू लागला. "मामा. मामा, आम्ही आलो." त्यानं एकट्यानं मोटरसायकल उचलली. ती त्यानं कशी उचलली ते त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही. खोसियत वरच उभी होती. तिला वाटत होतं की आता तो उठेल, कपडे झटकेल आणि म्हणेल, उशीर केलात. या वाळवंटात तो लहानाचा मोठा झाला होता. वादळात चारशे मेंढरं घेऊन तो घरी आलेला तिनं पाहिला होता. तो मरण्याची ही जागा नव्हती. ती खाली उतरली, त्याची टोपी उचलली, झटकली आणि त्याच्या डोक्यावर ठेवू लागली. ती बसेना. दोनदा ठेवली, दोनदा पडली.

"आई, राहू दे," एल्मुरोद म्हणाला. इतक्या वर्षांत तो तिला पहिल्यांदाच एकेरीत बोलला आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

त्याला जीपच्या मागच्या बाकावर ठेवलं. अर्ध्या वाटेवर एल्मुरोदनं इंजिन बंद केलं. समोर बघतच तो बोलला.

"अकरा वाजता मामांनी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही म्हणालात, मला काय ठाऊक."

"हो."

"तेव्हा ठाऊक होतं?"

खोसियतनं तोंड उघडलं. तिला सांगायचं होतं की चाळीस दिवस भरले नव्हते. सकाळी बाळाचं अंग गरम लागलं होतं. ओयदिनची आधीची दोन गेली तेव्हा फडकी धुतली ती तिनं, एल्मुरोदनं नाही. यांतलं काहीही त्या जीपमध्ये बोलण्यासारखं नव्हतं.

"होतं," ती म्हणाली.

एल्मुरोदनं जीप सुरू केली.

तंबूंपाशी अकराही जण उभे होते. हिल्डा काठी टेकून सगळ्यांच्या पुढे होती. जीपच्या मागच्या बाकावर चादर पाहून ती एल्मुरोदला काहीतरी विचारू लागली, पुन्हा पुन्हा तेच. त्यानं उत्तर दिलं तेव्हा ती खोसियतकडे वळली आणि दोन्ही हातांनी तिचे हात धरले. तिला वाटलं होतं, आपल्यामुळे हा माणूस गेला. ती रडत होती आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून एकच शब्द म्हणत होती. खोसियतला तो समजला. तिनं मान हलवून नाही म्हटलं, पण का नाही ते सांगायला तिच्याकडे त्या बाईच्या भाषेतला एकही शब्द नव्हता, आणि एल्मुरोद शेजारी उभा असूनही त्यानं ते सांगितलं नाही.

नोरबोय हमरोयेव, खोसियतचा थोरला भाऊ, मे महिन्याच्या अकरा तारखेला, बुधवारी वारला. डॉक्टरांच्या अंदाजानं तेव्हा दुपारचे एक ते दोन वाजले असावेत. वय एकोणसत्तर. दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या कबरस्तानात त्याला पुरलं.