हातगुण

इओदिचेने नुन्झियाच्या हातातली पेशींची प्लेट ओढून घेतली, उजेडाकडे धरून पाहिली आणि सरळ कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकली.

"एकही पेशी हललेली नाही. तुझ्या हाताखाली त्यासुद्धा संपावर जातात, बाईसाहेब."

"तुमच्या लिपिडमध्ये दम असता तर हलल्या असत्या, डॉक्टर."

ते लिपिड म्हणजे तेलासारखं एक स्निग्ध द्रव्य, गांजातल्या द्रव्याचा भाऊबंदच, फक्त मेंदू ते घरच्या घरी बनवतो. मेंदूला इजा झाली की हेच लिपिड पहारेकरी पेशींना हाक मारतं, त्या धावून येतात आणि सूज चढते, असा राफाएले इओदिचेचा सिद्धान्त होता. हाक दाबली की सूज दबेल. या एका गोष्टीवर पोत्सुओली गावातल्या त्या संशोधन संस्थेत त्याचा दबदबा होता. आणि गेलं वर्षभर नुन्झिया त्याचाच प्रयोग पुन्हा करून पाहत होती, पण पेशी जागच्या हलायला तयार नव्हत्या. त्याने आकडे मनाने लिहिलेत, असं ती कॉफीच्या यंत्रापाशी उघड बोलायची. हिच्या हाताला गुण नाही, असं तो त्याच यंत्रापाशी सांगायचा.

शेवटी संचालिका करान्नान्ते बाईंचाच धीर सुटला. आज इओदिचेने स्वतः प्रयोग करायचा, मोजणी बाई करणार. पेशी सरकल्या नाहीत तर त्याचा शोधनिबंध मागे घ्यायचा. सरकल्या तर नुन्झियाची नेमणूक संपली.

इओदिचेने त्याची लाकडी पेटी उघडली. आत त्याच्या गुरूची काचेची सिरिंज होती आणि चार काचेच्या नळ्या. त्या पेटीला नुन्झिया 'वस्तुसंग्रहालय' म्हणत असे. बाकी सारी प्रयोगशाळा प्लास्टिकवर चालत होती. म्हाताऱ्याचे नखरे म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं.

बाई दाराशी फोनवर बोलत होत्या. इओदिचेने सिरिंज उचलली, दट्ट्यावर अंगठा ठेवला आणि तसाच थांबला. अंगठा वाकत नव्हता. हातमोज्यातून सांधे लसणाच्या गड्ड्यासारखे वर आले होते. सुजेवर औषध शोधणारा माणूस! नुन्झियाला हसू आलं आणि तिने ते लपवलंही नाही.

"दात काढू नकोस," तो दबक्या आवाजात म्हणाला. "धर. तू ओढ."

"मी? आणि फसलं की माझ्या माथी मारा."

"फसणार नाही. मी सांगतो तसं कर, आणि तोंडातून ब्र काढू नकोस."

त्याने आपली रुंद पाठ दाराकडे केली. नुन्झियाने सिरिंज घेतली. बरंच झालं, तिला वाटलं, माझ्याच हाताने याचं पितळ उघडं पडू दे. तिने लिपिड ओढलं, काचेच्या नळीत पातळ केलं, खालच्या कप्प्यात सोडलं. वर बारीक छिद्रांचा पडदा, पडद्यावर पेशी; हाक पोचली तर त्या छिद्रांतून खाली उतरणार. एवढ्यात जमीन थरथरली आणि फळीवरच्या बाटल्या किणकिणल्या. पोत्सुओली ज्वालामुखीवरच वसलंय, अशा धक्क्यांनी तिथे कुणी मान वर करत नाही. बाई फोन संपवून वळल्या तेव्हा सिरिंज पुन्हा इओदिचेच्या मुठीत होती.

दुपारनंतर बाईंनी मोजणी केली. कुठल्या कप्प्यात लिपिड आहे, कुठल्यात नाही, ते त्यांना दिसू नये म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलं होतं. सूक्ष्मदर्शकावरून डोकं काढून त्यांनी झाकण उलटं केलं. लिपिडच्या प्रत्येक कप्प्यात पेशी झुंडीने उतरल्या होत्या.

"राफाए, तुझ्या हातगुणापुढे हात टेकले बाबा," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "नुन्झिया, तुला कळतंय ना याचा अर्थ?"

इओदिचे खिडकीपाशी सरकला. दोन्ही हात खिशात.

नुन्झियाला राग असा चढला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात माझे! मग वर्षभर याच हातांनी काय चुकत होतं? तिची नजर टेबलावरच्या प्लास्टिकच्या नळ्यांवर गेली. रविवारचा रागू, म्हणजे टोमॅटो-मांसाचा तेलकट रस्सा, तिची आई कधी प्लास्टिकच्या डब्यात ठेवू देत नसे. तेल बसतं, कितीही घासलं तरी निघत नाही, म्हणायची. वर्षभर नुन्झियाचं लिपिड नळीच्या भिंतीलाच चिकटून बसलं होतं. पेशींपर्यंत हाक पोचलीच नव्हती.

"बाई, उद्या हा प्रयोग पुन्हा व्हायला हवा," ती म्हणाली. "एकदा काचेत, एकदा प्लास्टिकमध्ये. लिपिड प्लास्टिकला चिकटतं. यात हातगुण कुणाचाच नाही, गुण काचेचा आहे."

इओदिचेने झटकन तिच्याकडे पाहिलं. मग पेटीकडे. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. त्याला खरंच माहीत नव्हतं, हे तिला दिसलं, आणि तिला ते गोड लागलं.

"आणि करणार कोण?" बाईंनी विचारलं.

"डॉक्टरच करतील," नुन्झिया हसून म्हणाली. "दोन्ही वेळा. तुम्ही शेजारी उभं राहून बघा. अगदी हाताकडे बघा."

मग इओदिचेने उजवा हात खिशातून काढला, हातमोजा दाताने ओढून उतरवला आणि हात टेबलावर ठेवला. बोटं लाल होती, वाकडी होती.

"अरे देवा, राफाए! हे कधीपासून?"

"ते राहू दे, फिलोमे," तो बाईंना म्हणाला. "उद्या ही करेल. आजचंही हिनेच केलंय." तो नुन्झियाकडे वळला. "हात ठीक आहेत तुझे. जीभ मात्र नासकी आहे."

नुन्झियाने उद्यासाठी टेबलावर जागा मोकळी केली.

इओदिचेने मनगटाने ढकलत ती लाकडी पेटी तिच्यापुढे सरकवली.

"सिरिंजला साबण लावायचा नाही," तो म्हणाला. "नुसत्या स्पिरिटने धुवायची."