टक्क्यापुढचा ट

%न यांस सहकुटुंब.

गार चहावरची साय, बोटानं ओढली की अख्खी निघते.

सुपेला चौकात ट्रकखाली चिरडलेले टमाटर, त्यावर माश्या.

ज्या अक्षराला धनी नाही, ते जसंच्या तसं छापावं.

बुंदी.

"आडनाव?"

*

सन एक्याण्णव. सुपेल्यात रत्नमाला आणि कवडूचं छपाईचं दुकान. एक कॉम्प्युटर, त्यात देवनागरी अक्षरं उमटवणारं कार्ड, एक किरकिरणारा प्रिंटर. दोघं पॉलिटेक्निकात एकत्र शिकलेले.

सी भाषेतलं छापण्याचं तयार फंक्शन त्यांना पुरत नव्हतं. त्याला आकडे कळत, पण 'श्री.' कुठं आणि 'सौ.' कुठं, हे कळत नसे. म्हणून रत्नमालानं स्वतःचं लिहिलं. टक्क्याच्या खुणेपुढे एक अक्षर, आणि त्या अक्षरामागे एक छोटं फंक्शन. न म्हणजे मानासकट नाव. त म्हणजे तिथी. ते कवडूनं लिहिलं. नवं अक्षर हवं असेल तर मूळ प्रोग्रामला हात लावायचा नाही. फंक्शन लिहा, अक्षर नोंदवा. तेच अक्षर पुन्हा नोंदवलं तर नवं चालतं, जुनं मरतं. नोंदवलेलंच नसेल ते अक्षर जसंच्या तसं छापलं जातं.

"कोणीबी येऊन आपलं अक्षर जोडू शकते," ती मिरवायची.

कोणीबी आलं.

नरहरीकाका. हुडको वसाहतीतल्या मराठी लोकांच्या वैनगंगा मंडळाचे सचिव, रत्नमालाच्या बाबांचे जुने साहेब. कवडूनं चहा आणून ठेवला. काकांनी त्याचं आडनाव विचारलं, "अच्छा" म्हणाले आणि कप जरा पलीकडे सरकवला.

"गणपतीच्या महाप्रसादाची कार्डं पाहिजेत. आणि बेटा, काही कार्डांवर कोपऱ्यात एक टिपका दे."

"कोणत्या?"

"मी आडनावं सांगतो. तेवढी सोडून बाकी सगळ्यांवर."

"कावून पण, काका?"

"वाढणाऱ्यांना सोपं जाते. टिपकेवाले दुसऱ्या पंगतीला. मी नाही मानत हं. पण म्हाताऱ्या बायका पानावरून उठून जातात मग."

कवडू मागे रिबन बदलत होता. त्याचं घरही मंडळाचं सभासद होतं. काकांनी सांगितलेल्या आडनावांत त्याचं नव्हतं.

ते गेल्यावर कपात साय धरली होती.

"लिही," कवडू म्हणाला. "ट घे. टिपक्याचा ट."

"तुले काहीच वाटून नाही राहिलं?"

"वाटून राहिलं न." त्यानं शाईनं बरबटलेले हात दाखवले. "हे पाह्य. धुतले तरी जात नाही."

तिनं लिहिलं. आडनाव पाहा, सांगितलेल्यांत नसेल तर टिपका. नोंदवलं. पहिल्याच झटक्यात चाललं, आणि तिला खरी किळस आली ती याची. कुठं अडलं नाही, कुठं कुरकुरलं नाही. तिनंच इतक्या हौसेनं ठेवलेल्या भोकात ती घाण मापानं बसली.

काकांनी नमुना पाहून मान डोलावली. ते पायरी उतरल्यावर रत्नमालानं ट पुन्हा नोंदवला. नवं फंक्शन आडनाव पाहत नव्हतं. सरळ प्रत्येक कार्डावर टिपका छापत होतं.

*

%न आले. टिपका.
%न आले. टिपका.
%न, सौ. %न, सोबत सासूबाई. टिपका.
सचिव नरहरीकाका. टिपका.

महाप्रसादाच्या मंडपात पहिल्या पंगतीच्या पत्रावळी रिकाम्या. डालड्याचा वास. वाढणारे बादल्या धरून उभे.

आता काय करतील, रत्नमाला मनात हसत होती.

काका मंडपाच्या दारात जाऊन उभे राहिले. "मशीननं घोळ केला. काही नाही, आडनाव सांगत या."

आणि लोक सांगत आले. एकालाही लाज वाटली नाही. कार्डावर मुकाट असलेलं आता खणखणीत तोंडानं चाललं होतं. तिच्या बाबांनी, देवरावांनी, आपलं आडनाव दोनदा सांगितलं. काकांना पहिल्यांदाच ऐकू गेलं होतं. मग तिला दंडाला धरून पहिल्या पंगतीत बसवलं. पानात बुंदी पडली. एक कळी तिनं तोंडात टाकली, ती गिळवेना.

दारात कवडू.

"आडनाव?"

"तुमाले ठाऊक हाये न काका. चहा ठेवून गेलते तुमी."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"अरे, तू तर घरचाच! बस कुठंही," काका म्हणाले. हात मात्र दुसऱ्या पंगतीच्या लोकांकडे झाला.

रत्नमाला उठली.

"पान सोडून उठू नाही, बाई!" बाबा दबक्या आवाजात ओरडले. "काका पाहून राहिले."

"माझ्या कार्डावर टिपका आहे, बाबा."

ती बुंदी थुंकून कवडूशेजारी जाऊन उभी राहिली. पुष्कळ वेळानं दुसरी पंगत बसली. वरण गार, भाताची ढेपळं. कवडूनं पानाला बोट लावलं नाही.

"जेव न," ती म्हणाली.

"तू जेव."

कवडू त्या दिवशी घरून भाकर खाऊन निघाला होता.