स्मरणाची रांगोळी

नागावला घरी बसून मी एका औषधसंशोधन प्रकल्पाचं ऑफिस सांभाळते. बैठका लावायच्या, टिपणं काढायची, कागद ज्याचे त्यालाच पोचवायचे. तीन शहरांतल्या प्रयोगशाळा मिळून स्मृतिभ्रंशावर औषध शोधताहेत. प्रकल्पाच्या ग्रुपचं नाव ‘स्मरण’. आमच्या कीर्तन मंडळाच्या ग्रुपचंही ‘स्मरण’.

एकादशीच्या सकाळी नव्या रेणूची आकृती मी चुकीच्या स्मरणात टाकली.

पेटंटचा अर्ज त्याच दुपारी चार वाजता जायचा होता. त्याआधी आकृती बाहेर फुटली तर हक्क जातो, हे प्रत्येक टिपणाखाली मीच लिहीत आले होते. पाऊण तासानं चूक दिसली. मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करतेय तोच आमच्या कीर्तनकार दिनानाथबुवांचा फोन.

“विनिता, रांगोळी झकास पाठवलीस गो! कृष्णाबाई देवळासमोर काढतेय. कीर्तनाबरोबर तीही लाइव्ह दाखवू.”

मी अनवाणीच धावले.

देवळाच्या अंगणात रेणू पसरला होता. षटकोनाला षटकोन, वर शेपूट. आकृतीतल्या निळ्या अक्षरांच्या जागी निळे ठिपके. एक रेघ चुकली नव्हती. शेजारी कृष्णाबाईकाकू, आणि स्टँडवर मोबाइल.

“काकू, पुसा ती!”

“खुळी का काय? कीर्तनाआधी रांगोळी पुसतात?”

“लाइव्ह चालू झालं?”

“न्हाय अजून. बुवांना बटण सापडत न्हाय.”

मी गुडघ्यांवर बसले. “काकू, ही रांगोळी न्हाय. औषधाचं गुपित आहे. कोणी फोटो टाकला तर चार वर्षांचं काम बुडेल. माझी नोकरी तर गेलीच.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तांब्यातलं पाणी रांगोळीवर ओतलं. “देवानं पाहिली, पुरे झालं.”

आता गप्प राहिले असते तर कुणाला कळलं असतं? अकरा जणांनी मेसेज पाहिला होता. ओल्या फरशीवर उभी राहून मी प्रकल्पप्रमुख मैथिली मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं.



“अर्ज आत्ताच पाठवते,” त्या म्हणाल्या. “कुणी फोटो काढलाय का, एकेकाला विचार. तुझ्याबद्दल नंतर बोलू.”

टाळ सुरू झाले. एरवी मी पहिल्या रांगेत गाते. आज एकेकाला विचारायला दारातच उभी राहिले. लहानपणापासूनची माणसं हसत आत येत होती, आणि मला त्यांच्या हातांतले मोबाइल तेवढे दिसत होते.