घंटा ऐकू येणारं घर

मास्तरीणबाईंनी स्वयंपाकघरातला नळ सोडला. आधी तो नुसताच खोकला, मग तपकिरी पाणी आलं, मग बऱ्याच वेळाने स्वच्छ.

"घर रिकामं होतं ना, म्हणून," घरमालकीण म्हणाली. "माणसं राहायला आली की नळसुद्धा सुधारतो."

मास्तरीण हे नाव नवऱ्याने ती नोकरीला लागल्यावर चिडवायला म्हणून ठेवलं होतं, आणि मग ते घरात सगळ्यांच्याच तोंडी बसलं. ती या गावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. राहायची मात्र शहराच्या उपनगरात, नवऱ्याच्या घरी. लेक वर्षाची झाली तेव्हा नोकरी लागली. तेव्हापासून सकाळी पोरगी झोपेत असताना घर सोडायचं, बस पकडायची, आणि दिवेलागणीला परत यायचं, असं चाललं होतं. कॉलेजात कुणीतरी या घराबद्दल सांगितलं. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान मंगळवारी बंद असायचं, म्हणून तिने मंगळवारचीच रजा टाकली आणि सगळ्यांना घेऊन आली.

नवरा एका डोळ्यावर हात धरून भिंतीच्या पोपड्यांकडे पाहत होता. दुसऱ्यांचे डोळे तपासून तपासून त्याला ही खोड लागली होती. सासूबाई मागच्या दाराच्या पायरीवर बसल्या होत्या, नातीला मांडीवर घेऊन. नातीचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण ती सगळ्यांची ठकी होती.

तेवढ्यात कॉलेजची घंटा झाली. इतकी जवळून, की ठकीने दचकून आजीच्या गळ्याला मिठी मारली.

"ऐकलीत?" मालकीणबाई खूश झाल्या. "माझे दीर इथेच राहायचे. पहिल्या घंटेला चहाचा कप खाली ठेवायचे, आणि दुसरी घंटा व्हायच्या आत वर्गात. तुम्हाला तर मधल्या सुट्टीत येऊन बाळाला झोपवून जाता येईल. आणि मास्तर लोकांना घर द्यायला माझी ना नसते. दमून आलेली माणसं, भांडायला अंगात जोरच राहत नाही."

मास्तरीण हसली. मग तिने मागच्या दाराकडे पाहिलं.

"आई, कसं वाटतंय घर?"

सासूबाई पायरीच्या दगडावरून तळवा फिरवत होत्या. "बघू की," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने डोळ्यावरचा हात काढला. दोघांची नजरानजर झाली. आईचं 'बघू' त्यांच्या घरात प्रसिद्ध होतं. सासरे होते तोवर सासूबाईंना कुणी काही विचारायच्या भानगडीत पडत नसे. चुकून विचारलंच तर त्या 'बघू' म्हणायच्या, आणि पुढे ते काम व्हायचं नाही. त्यामुळे बघू म्हणजे नाही, हे न सांगता सगळ्यांना पाठ होतं.

परतीच्या बसमध्ये ठकी बापाच्या खांद्यावर लाळ गाळत झोपली. सासूबाई खिडकीशी बसून मागे पळणारी शेतं, गोदामं, पेट्रोलपंप बघत होत्या. शहराच्या अलीकडच्या पुलावर बस अडकून पडली, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "लांब आहे गं."

"हो ना, आई."

"रोज एवढं करतेस?"

"सवय झालीय आता."

सासूबाईंनी मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघू लागल्या. नवऱ्याने तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या. बघ, मी म्हटलं नव्हतं?

दोन दिवसांनी बसमधून उतरून ती तशीच त्याच्या दुकानात गेली. तो काचेची कड घासत होता. गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवर नुसत्या दांड्यांचे चष्मे ओळीने बसले होते, काचा नसलेले, तोंडाकडे टक लावून.

"काय करायचं?" तिने विचारलं. "त्या बाई थांबणार नाहीत फार."

"आई काय म्हणाली?"

"तू विचारलंस?"

"मी कशाला? तुझ्या कॉलेजचं घर. तू विचार, तुझं ऐकते ती."

"मी विचारलं तर त्यांना नाही म्हणता यायचं नाही. सून विचारते म्हणून हो म्हणतील."

"आणि मी विचारलं तर म्हणेल, बायकोने पढवून पाठवलंय." त्याने काच उजेडात धरली, फुंकर मारली. "माझं विचारशील तर मला चालेल. कॉलेजचं गाव म्हणजे सगळे वाचून वाचून डोळे फोडून घेणारे. धंद्याला मरण नाही. इथलं दुकान काय, पोरगा ठेवून चालवीन, नाहीतर विकीन. पण आईचं सगळं आयुष्य त्या जिन्यात गेलं. खालच्या काकू, संध्याकाळी बागेत बसणाऱ्या बायका, तो भाजीवाला. या वयात झाड उपटून दुसरीकडे लावलं तर जगतं का? तूच सांग, तुझाच विषय."

मुळाशी माती राखून उचललं तर जगतं. लावताना सावली धरायची, सुरुवातीला रोज थोडं पाणी द्यायचं. जून झाडंही जगतात. हे ती दर वर्षी पहिल्या वर्गाला शिकवायची, फळ्यावर चित्र काढून.

"अवघड असतं," ती म्हणाली.

त्याने काच चौकटीत बसवली. टक असा आवाज झाला. "मग झालं तर," तो म्हणाला. वाईट वाटल्यासारखा नव्हे, सुटल्यासारखाही नव्हे. एक काम उरकल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती नेहमीच्या जागेवर बसली, चालकाच्या मागे, खिडकीशी. मांडीवर पिशवी, पिशवीवर पुस्तक. या जागेवर तिचे केस कुणी ओढत नसे. हातातला घास अर्धा टाकून उठावं लागत नसे. कधी वाचायची, कधी काचेला डोकं टेकून झोपायची, तोंड उघडं पडलं तरी पर्वा नसायची. कधी काहीच करायची नाही. गेल्या वर्षभरात पूर्ण वाचून झालेली सगळी पुस्तकं याच जागेवर वाचलेली होती. पुलावर बस अडकली की आजूबाजूची माणसं घड्याळं बघून हळहळायची. तीही हळहळायची, चारचौघांत वाईट दिसू नये म्हणून.

उतरल्यावर स्टँडवरूनच तिने मालकीणबाईंना फोन लावला.

"घर छानच आहे हो. पण आमच्या आईंना नाही जमायचं. या वयात हलवणं म्हणजे..."

"खरंय, खरंय. म्हातारी माणसं," मालकीणबाई म्हणाल्या. "भाग्यवान आहेत तुमच्या सासूबाई. एवढा विचार कोण करतं?"

फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटलं. का हलकं वाटलं, हे बघायला ती थांबली नाही. तास होता.

त्यानंतर पुष्कळ दिवस नेहमीसारखे गेले. ठकी बोलायला लागली, म्हणजे एकदम धबधबाच. नवे शब्द मास्तरणीला संध्याकाळी सासूबाईंकडून कळायचे. आज 'कात्री' म्हणाली. आज 'उद्या' म्हणाली, पण काल या अर्थाने. सासूबाई सांगायच्या त्या इतक्या बारकाईने, की ऐकणारीला वाटावं, आपणही तिथेच होतो.

मग एक दिवस कॉलेजात सकाळीच वीज गेली. सूक्ष्मदर्शकं नुसती पितळी ठोकळ्यांसारखी टेबलांवर बसून राहिली. वाट पाहून पाहून प्रॅक्टिकल रद्द झालं. दाबून वाळत घातलेल्या पानांचे कागद तिने बदलले, हात धुतले, आणि बाहेर पडली.

स्टँडकडे जायचे दोन रस्ते होते. ती त्या घरावरून गेली. अंगणात दोरी बांधली होती आणि दोरीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते. एक पुरुषाचा सदरा, दोन टॉवेल, आणि अगदी लहान पायमोजे. खिडकीतून ताटल्यांचा आवाज आला. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. ती रस्त्यात उभी राहून ऐकत राहिली. मग आपण कुणाच्या तरी घराकडे टक लावून बघतोय हे ध्यानात येऊन चालू लागली.

दुपारची बस रिकामी होती. तिने पुस्तक उघडलं, पण पान उलटलं नाही.

इमारतीच्या तळमजल्यावर खिडकीशी मशीन मांडून काकू शिवायला बसलेल्या असायच्या. सासूबाईंची ही जुनी मैत्रीण. येणाऱ्या-जाणाऱ्यावर त्यांचं बारीक लक्ष.

"काय बाई, सूर्य कुठे उगवला आज?" त्यांनी चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं. "भरदुपारी स्वारी घरी?"

"वीज गेली, काकू. सुट्टीच मिळाली."

"बरं झालं. तब्येत बरी नाही का काय, असं वाटलं मला." काकूंनी तिला खालून वर न्याहाळलं. "एक विचारू? रागावू नकोस. एवढं हातचं घर का घालवलंत गं?"

"आईंना... या वयात कुठे त्यांना हलवायचं, काकू."

"कुणाला?"

"आईंना."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं. "तुम्ही घर बघून आलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती इथे हजर. माझ्याकडे कापडाची खोकी येतात, ती मागायला. दोन-चार घेऊन गेली. भांडी गुंडाळायला चिंध्या नेल्या. वर मला म्हणते, आता तुझा चहा तू एकटीच पी, माझी वाट बघू नकोस. मीच रडले बाई थोडी. ती कुठली रडते."

मास्तरणीने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मग आठ-दहा दिवसांनी खोकी परत. नीट घड्या घालून. मी विचारलं, काय झालं? तर म्हणते, पोरांचं काहीतरी ठरलं असेल वेगळं."

"त्या आम्हाला काही बोलल्या नाहीत."

"ती कधी बोलते? विचारलं की बघू म्हणते, आणि मग खरंच बघते, चार दिवस. तेवढा धीर कुणाला असतो?" काकूंनी कापड सुईखाली सरकवलं. "जा, वर जा. माझं काय, मी बोलतच बसेन."

ती जिना चढली. वारा यावा म्हणून दार अर्धवट उघडं होतं. कडीला हात लावला आणि आतून ठकीचा आवाज आला, म्हणून ती थांबली. पोरगी आपल्याला न बघता काय करते, हे बघायची तिला हौस होती. अशी संधी तिला कधी मिळत नसे.

ठकी फरशीवर बसून चष्म्याच्या रिकाम्या डब्यांवर डबे रचत होती. सासूबाई तिच्या समोर बसून धुतलेल्या फ्रॉकांच्या घड्या घालत होत्या.

"आई, हे बघ."

"आई नाही. आजी."

"आई."

"आजी गं बाई. बाबा मला आई म्हणतो, ते बाबाचं. तू आजी म्हणायचं." त्या आवाजात कंटाळा नव्हता. रोज औषध देताना असतो तसा तो आवाज होता. "बरं, मग आई कोण?"

ठकीने निळा डबा पिवळ्या डब्यावर ठेवला. तो पडला नाही. "संध्याकाळी," ती म्हणाली.

"संध्याकाळी येते ती. बरोबर. पण आहे ती आत्तासुद्धा. आत्ता कुठे आहे?"

"संध्याकाळी," ठकी पुन्हा म्हणाली. नाव सांगावं तसं.

सासूबाईंच्या हातातला फ्रॉक अर्ध्या घडीवर राहिला. मग त्या पुढे वाकल्या आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "तिच्यासमोर मला आई म्हणायचं नाही हं, ठके. कळलं? तिला वाईट वाटतं."

ठकीने शहाण्यासारखी मान डोलावली.

मास्तरणीने कडीवरचा हात काढला. पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि भिंतीला धरून ती अर्धा जिना खाली उतरली. वळणावर क्षणभर उभी राहिली. चपला पुन्हा पायात घातल्या. मग एकेक पायरी वाजवत, मध्ये एकदा खाकरून, वर आली. दारापाशी पिशवीतली किल्ली शोधल्यासारखं केलं आणि ती मुद्दाम खाली पडू दिली.

"अगंबाई, आज लवकर?" सासूबाईंनी दार पूर्ण उघडलं.

"वीज गेली होती. प्रॅक्टिकल रद्द झालं."

"बरं झालं गं. बस. चहा टाकते." गुडघ्यावर हात ठेवून त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. दोन पावलांवर थांबून म्हणाल्या, "ठके, बघ तरी कोण आलंय."

ठकीने वर पाहिलं. दारातल्या बाईकडे तिने नीट, बराच वेळ पाहिलं. मग मान वळवून खिडकीकडे पाहिलं. खिडकीत लख्ख ऊन होतं, समोरच्या गच्चीपर्यंत. तिने पुन्हा दाराकडे पाहिलं, पुन्हा खिडकीकडे. आणि हातातला डबा तसाच धरून ती बसून राहिली, यातलं खरं कोणतं ते कुणीतरी सांगेल म्हणून.