रिकामी राहण्याचं सुख

कुंई! दुपारच्या निजलेल्या घरात माझं डावं चाक आपसूक कुरकुरलं.

मित्रांनो, मी एक जुनी व्हीलचेअर आहे. पोलादी नळ्या वाकवून मला घडवलं, तेव्हा माझ्या अंगाला कोऱ्या रंगाचा वास होता. पुढे इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यांतून मी ढगासारखी तरंगले. "हिचा केवढा आधार!" असं म्हणत माणसं माझ्यावरून हात फिरवायची.

मग मी या घरात आले. आजी न्हाणीघरात घसरल्या होत्या. हाड जुळलं, पण भीती काही जाईना. दिवसभर माझ्यात बसून त्या खिडकीतलं आकाश पाहत. त्यांच्यापाशी थांबायचं म्हणून सूनबाईंनी औषधांच्या दुकानातून रजा घेतली होती. "महिनाअखेरीपर्यंत वाट बघतो," मालक म्हणाले होते, "मग दुसरी बाई ठेवावी लागेल."

"माझ्यापायी तुझं सगळं अडलं गं," आजी म्हणायच्या.

"असू द्या हो, आई," म्हणत सूनबाई पाठ फिरवायच्या.

दवाखान्याच्या ताई रोज सकाळी वयस्कर माणसांना बागेत चालायला न्यायच्या. एके दिवशी त्या आजींसाठी आल्या. त्यांनी आजींना माझ्या मागे उभं केलं, मी उलटू नये म्हणून छोट्या नातीला माझ्यात बसवलं, आणि माझ्या मुठी आजींच्या हाती दिल्या.

"आजी, जोरात!"

"थांब बाई, आधी लायसन्स काढू दे!"

आजी मला ढकलत होत्या की स्वप्नात चालत होत्या, कोण जाणे! धुक्यातली झाडं आमच्या बाजूने हळूच मागे सरकत होती. काही आठवड्यांनी आजींनी माझी एक मूठ सोडली, मग दुसरी. मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर धूळ बसली, आणि खरं सांगू? एवढं सुख मला कधीच मिळालं नव्हतं. आजी रोज ताईंबरोबर बागेत आणि सूनबाई पुन्हा दुकानात जाऊ लागल्या.

आज सकाळी सूनबाई निघायच्या बेतात होत्या, तोच ताई दारात आल्या. "वहिनी, चालण्याचा वर्ग बंद होतोय. वरचे म्हणतात, त्यातून उत्पन्न काही नाही."

सूनबाईंची नजर माझ्याकडे वळली. माझ्या नळ्यांतून गारवा सरसरत गेला. मित्रांनो, मला खुशाल अडगळीत टाका. पण कुणाला चालतं करणारे हात तेवढे जपा.

नातीने आईचा पदर ओढला.

"आई, उत्पन्न म्हणजे पैसे ना? आजी चालते, म्हणून तू पगार आणतेस. मग ते पैसे हिशोबात कुणी धरलेच नाहीत का?"