धाकट्याचं हेल्मेट

"आता मान हलवा, काका. नाही म्हणताना हलवतो तशी."

धाकट्याने मान हलवली. मान हलली, केस हलले आणि हेल्मेट डाव्या कानावर कलंडलं. सायकलच्या दुकानातल्या बाईने हसू दाबलं. "हेही नाही," ती म्हणाली.

पहिलं हेल्मेट डोक्यावर दगड ठेवल्यासारखं जड होतं. दुसरं फुलासारखं हलकं, पण ते नुसत्या डांबरी रस्त्यावर सायकल पळवणाऱ्यांचं. पायवाटेवर मागची बाजूही झाकणारं हवं, असं बाईचं म्हणणं. धाकट्याला दोन्हींसाठी एकच पाहिजे होतं. गावाबाहेर टेकडीपर्यंत डांबरी चढ, मग फाट्यावरून आत झाडांमधली दगडगोट्यांची वाट, एवढाच त्याचा प्रवास. "हलकं मात्र हवं," तो म्हणाला. "दिवसभर मान वाकवून काम करतो. मानेला आणखी ओझं नको."

म्हणून तिने हे तिसरं काढलं होतं. वजनाला हलकं, वारा जायला लांबट फटी, मागे मानेपर्यंत उतरलेलं आणि तिथेच घट्ट-सैल करायची चकती. तिने चकती आवळून पाहिली, हनुवटीखाली पट्टा लावून त्यात बोटं घालून पाहिली. हेल्मेट आपलं कलंडायचं ते कलंडलंच.

"काका, राग मानू नका. हे तुमच्या डोक्यावर बसतच नाहीये, केसांवर बसतंय. आज घट्ट केलं तर उद्या केस कापल्यावर गरागरा फिरेल. आधी कटिंग करून या, मग हेच देते."

"बरं."

"काम काय करता तुम्ही?"

थाप मारावी असं त्याला वाटलं, पण ऐनवेळी सुचली नाही. "केस कापतो," तो म्हणाला.

बाई खळखळून हसली. मग तो हसत नाही हे तिच्या लक्षात आलं आणि ती उगाचच काउंटर पुसू लागली.

धाकटा हे काही त्याचं नाव नव्हे. सलूनमध्ये दोन खुर्च्या आणि दोन भाऊ, म्हणून गिऱ्हाइकांनी एकाला थोरला केलं नि दुसऱ्याला धाकटा. साठीला टेकला तरी हा धाकटाच. लग्न करायचं राहून गेलं, त्याबद्दल त्याची फारशी तक्रार नव्हती. दादा होता, वहिनी होती, जेवायला हाक मारणारं घर होतं. सुट्टीच्या दिवशी दोघे भाऊ शटर अर्धं ओढून घेत आणि केस वाढले असतील तर एकमेकांचे कापत. दादा धाकट्याच्या मानेवर फुंकर मारून बारीक केस उडवायचा आणि म्हणायचा, "उठा साहेब, माणसात आलात!" मग दोघे सायकली काढून टेकडीवर जात. दादा पुढे, हा मागे. हेल्मेट वगैरे थेरं तेव्हा नव्हती.

गेल्या हिवाळ्यात दादा झोपेतच गेला. वहिनी लेकीकडे राहायला गेली. तेव्हापासून धाकट्याच्या डोक्याला कात्री लागली नव्हती. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "काय हो, स्वतःच्या डोक्याशी भांडण आहे का?" "वेळच मिळत नाही," असं तो सांगायचा, तेही दादाच्या रिकाम्या खुर्चीला टेकून. खरं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्या केसांच्या टोकांना दादाची कात्री लागलेली होती. केस कापायचे म्हणजे पहिल्यांदा ती टोकंच जाणार, आणि मग दादाच्या हातचं त्याच्या अंगावर काहीच उरणार नव्हतं.

आणि वहिनीने तर फोनवर बजावलं होतं. "भावजी, तुम्ही दोघं होतात तेव्हा मी कधी अडवलं नाही. एक पडला तर उचलायला दुसरा होता. आता एकटे जाणार असाल तर डोक्यावर हेल्मेट घाला, नाहीतर सायकलला हात लावू नका. मला पुन्हा तसली सकाळ बघायला नको." त्याने शब्द दिला होता. सायकल नाही म्हणजे सुट्टीचा अख्खा दिवस घरात काढायचा, आणि ते घर त्याला खायला उठायचं.

सायकलच्या दुकानातून निघून तो तीन गल्ल्या पलीकडच्या, ओळख नसलेल्या सलूनमध्ये शिरला. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसताना हात कुठे ठेवावेत हेच त्याला कळेना. तिथला कारागीर वयस्कर होता. त्याने गळ्याभोवती कापड बांधलं, कंगवा फिरवला आणि थांबला.

"वाढलेत भरपूर. पण वळण अजून सुटलेलं नाही. आधी कुणी कापले होते?"

"भावाने."

"हात छान आहे. त्यांच्याकडेच का नाही गेलात?"

धाकट्याने आरशात पाहिलं. "तो आता कापत नाही," तो म्हणाला. "तुम्ही कापा. बारीकच करा."

कात्री चालू झाली. त्याने डोळे मिटले, पण आवाज ओळखीचाच होता, त्यामुळे मिटून काही उपयोग झाला नाही. काम झाल्यावर कारागिराने ब्रशने मान झटकली. धाकटा तरी बसूनच राहिला.

"झालं हो," कारागीर म्हणाला.

तो उठला. खाली काळे-पांढरे केस पडले होते. सवयीने त्याने कोपऱ्यातला झाडू उचलला. "अहो, राहू द्या, तुम्ही गिऱ्हाईक!" कारागीर म्हणाला, पण धाकट्याने ऐकलं नाही. त्याने ते केस कडेकडेने, एकही मागे न ठेवता गोळा केले, सुपलीत भरले आणि क्षणभर सुपली तशीच हातात धरून मग डब्यात रिकामी केली.

हेल्मेट आता बरोबर बसलं. मान हलवली तरी हललं नाही.

पुढच्या सुट्टीला तो टेकडीवर निघाला. चढ दमवणारा होता, पण डोक्याला ओझं जाणवत नव्हतं. फाट्याशी आल्यावर तो नेहमीसारखा कडेला झाला आणि पाय टेकून थांबला. वाट अरुंद होती, तिथे दादा आधी शिरायचा. मागून वारा आला, हेल्मेटच्या खालून उघड्या मानेवर लागला आणि त्याचे डोळे भरून आले. वारा गेला. वाट मोकळीच होती.

त्याने हनुवटीखालचा पट्टा एकदा चाचपला आणि सायकल आत घातली.