जोडी क्रमांक एकतीस

नवऱ्याने शिट्टी वाजवली आणि दोघं निघाली. हसू नका, खरंच वाजवली. चोवीस वर्षं बसडेपोत टाइमकीपर म्हणून काढलेला माणूस, शिट्टीशिवाय त्याला काही सुरूच करता येत नाही. वहीत वेळ लिहिली, सहा वाजून दहा मिनिटं. दोरीची एक कडी बायकोच्या पट्ट्यात अडकवली, दुसरी स्वतःच्या. "गाडी वेळेत सुटली," असं म्हणाला. गेले अकरा रविवार तो हेच म्हणत होता आणि गेले अकरा रविवार ती हसत होती.

दोरीचं म्हणाल तर त्यात काही वेडेपणा नव्हता. हॉस्पिटलला डायलिसिसची आणखी दोन यंत्रं हवी होती, त्यासाठी देणग्या जमवायला या महिन्याच्या शेवटच्या रविवारी चाळीस किलोमीटर चालायचं होतं. त्यात नवरा-बायकोंचा वेगळा गट. चालताना दोघांत दोन मीटरपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, आणि एकाने मध्येच सोडलं तर दुसऱ्याचंही चालणं धरायचं नाही, असा नियम. टाइमकीपरने नियम वाचला, दोनाचे दीड मीटर केले आणि बाजारातून नायलॉनची दोरी आणली. दर रविवारी सराव करून अंगवळणी पडलं की त्या दिवशी चिंता नको म्हणे.

फॉर्म त्यानेच भरला. तिची सहीसुद्धा त्यानेच केली. त्यातही नवीन काही नव्हतं. बँक असो, गॅस असो, मुलीच्या शाळेचं प्रगतिपुस्तक असो, तिची सही त्याला तिच्याहून वळणदार यायची. ती कामावरून यायच्या आत जोडी क्रमांक एकतीस तयार झाली होती. आणि नाही म्हणायची सोय होती का? तिच्या मोठ्या जाऊबाई आठवड्यातून तीनदा त्याच डायलिसिसच्या वॉर्डात पडून असत. लग्न होऊन आल्यापासून या घरात तिची बाजू घेणारं एकच माणूस, ते म्हणजे त्याच. जाऊबाईंनी कौतुकाने तिचा हात हातात घेतला, तेव्हा तिच्या तोंडून "चालेन" एवढंच निघालं.

आता खरी गोष्ट ऐका. ती एकोणीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवत होती. दुकानाचे मालक दोनशे किलोमीटरवरच्या गावात नवीन शाखा काढत होते आणि ती शाखा त्यांनी तिला सांभाळायला देऊ केली होती. वर राहायला एक खोली, खिडकी रस्त्यावर उघडणारी. एक तारखेपासून हजर व्हायचं. "रविवारी दुपारी बारापर्यंत सांगा ताई, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल," मालक म्हणाले होते. तो रविवार म्हणजे आजचा.

तीन आठवडे ती हे पोटात घेऊन फिरत होती. घरी विषय काढायचा तर टाइमकीपर उठून टीव्ही लावणार, नाहीतर दाराला तेल घालायला घेणार. तो कधी आवाज चढवायचा नाही, हात उगारणं तर लांबच. भला माणूस हो, अगदी नाकासमोर चालणारा. भल्या माणसाशी भांडायचं तरी कशावरून? म्हणून तिने ठरवलं होतं, आज रस्त्यातच सांगायचं. दीड मीटरच्या पलीकडे त्याला कुठे जाता येणार आहे?

पण दोरी दोन्ही बाजूंनी बांधलेली असते, हे पाच किलोमीटरनंतर तिच्या लक्षात आलं. जरा मागे पडली की कमरेला हिसका बसायचा आणि तो मागे न बघता म्हणायचा, "पाऊल उचल गं." तिच्या डाव्या टाचेला फोड आला होता. शब्द घशापर्यंत यायचे, तेवढ्यात दूधवाला, पेपरवाला, फिरायला निघालेले निवृत्त मास्तर हात करायचे. "वा! जोडी असावी तर अशी." टाइमकीपर प्रत्येकाला हसून उत्तर द्यायचा, "आम्हाला दोघांनाही फार आवड हो." चांगली मोकळी हवा, आजूबाजूला रान, आणि हिला श्वास पुरेना.

बाराव्या किलोमीटरला पाण्याच्या टाकीजवळ एक बाक होता. तिथून परत फिरायचं. दोघं बसली. त्याने केळं सोलून अर्धं तिला दिलं, वहीत वेळ लिहिली. ती केळं हातात धरून बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. शाखा, खोली, एक तारीख, आज बारा वाजेपर्यंतची मुदत.

टाइमकीपरने शांतपणे घास संपवला.

"अगं, ते मिटलं की," तो म्हणाला. "गुरुवारी तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा तुझ्या मालकांचा फोन आला होता. मी सांगून टाकलं, जमणार नाही म्हणून."

"तुम्ही सांगितलंत?"

"तू घरात चकार शब्द काढला नाहीस, तेव्हाच मी ओळखलं. तुला नाही म्हणायला जड जातं. मग मीच तुझं ओझं हलकं केलं." तो तिच्याकडे मायेने बघत होता. तिने आभार मानावेत अशी त्याची अपेक्षा होती, आणि तेच तिला सहन होईना. तिला त्या वेळी त्याचा भयंकर राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण क्षणभर, अगदी क्षणभरच, तिला सुटल्यासारखं वाटलं होतं.

तिने फोन काढला आणि मालकांना लावला.

"ताई? अहो, साहेबांनी तर नाही सांगितलं होतं," मालक गोंधळले. "मी आठवडाभर इकडे नव्या शाखेत, भेटून विचारता आलं नाही. दुपारी दुसऱ्या एकांशी बोलणार होतो. जागा आहे अजून, पण घरातून नक्की आहे ना? साहेब जवळ असतील तर त्यांच्याकडे द्या जरा."

आणि काय सांगावं, तिचा हात पुढे गेला. सव्वीस वर्षांची सवय, तिला कळायच्या आत फोन त्याच्या हातात होता.

"नमस्कार, नमस्कार," टाइमकीपर त्याच्या नेहमीच्या गोड आवाजात बोलू लागला. "आमचं काय आहे ना, आम्ही दोघांनी असं ठरवलंय—"

"मी येणार आहे," ती म्हणाली.

मोठ्याने म्हणाली. दोरी होती दीड मीटरची, फोन तिच्या तोंडापासून हातभरसुद्धा लांब नव्हता. "एक तारखेला सकाळी मी दुकान उघडेन. यांना विचारू नका, हे माझं मी ठरवलंय."

फोनमधून मालकांचं "हॅलो, हॅलो" चाललं होतं. गाडी उशिरा का आली, कुठली रद्द झाली, याची शंभर उत्तरं तयार असणाऱ्या माणसाने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. शेवटी त्याने फोन तिच्याकडे परत दिला. ती मालकांशी दोन मिनिटं बोलली, किल्ल्या कधी मिळतील ते विचारून घेतलं आणि फोन ठेवला.

परत जायला तिथून बस नव्हती, रिक्षा नव्हती. बारा किलोमीटर चालत जायचं होतं, आणि ते याच माणसाबरोबर. तिने बूट काढून टाचेला पट्टी लावली. तो तिच्या पायाकडे बघत होता.

"आणि आपलं शेवटच्या रविवारचं चालणं?" त्याने विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"चालेन की. चाळीसच्या चाळीस चालेन. जाऊबाईंना शब्द दिलाय."

त्याने वहीची पानं चाळली.

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतरचं तुमच्यासमोरच सांगितलं ना आत्ता," ती म्हणाली आणि बुटाची नाडी बांधू लागली.